अहिराणीचे घरातील अवशेष (‘बोलींचा मुलूख’ : लेखांक नववा)

१८६९ साली नाशिक हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करताना सरकारने खानदेशातील मालेगाव, नांदगाव व बागलाण हे तालुके काढून त्यात घातले, तेव्हा कचेऱ्यांच्या, दप्तरांच्या आणि वसुलाच्या हद्दी बदलल्या खऱ्या. परंतु गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठी घराघरांतून चालणाऱ्या अहिराणीला त्या फेरफाराची वार्ताही लागली नाही. आज नाशिक शहरात स्थायिक झालेल्या ज्या कुटुंबांचे मूळ सटाणा, नामपूर, देवळा किंवा मालेगाव या बाजूस आहे, त्यांच्या घरी ही बोली कोणत्या स्वरूपात उरली आहे, हे आजच्या लेखांकात पाहावयाचे आहे.

आमची आजी बागलाणातली. तिच्या तोंडचे पुष्कळ शब्द आमच्या घरात अजून नांदतात, आणि त्यांतले बहुतेक सणाशी किंवा चुलीशी बांधलेले आहेत. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे आजही ‘आखाजी’च म्हणतात, कारण सासुरवाशिणीने माहेरी यायचे, झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणायची आणि गौराईचे कोडकौतुक करायचे, हा सर्व सोहळा त्या एका नावात साठलेला आहे. पुरणाची पोळी हातांवर फिरवून कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची, हे कसब आजीपाशी होते. घरात गॅसची शेगडी आली, खापर माळ्यावर गेले, तरी ‘खापरावरचे मांडे’ हे शब्द मात्र जेवताना निघतातच. ज्वारीचे ‘बिबडे’, उडीद मिसळून दळलेल्या ‘कळण्याची भाकरी’, शेताला ‘वावर’, म्हाताऱ्या बाईला ‘डोकरी’, सगळ्याला ‘बठ्ठं’ : हा साठा बराच मोठा आहे.

तथापि माझे स्पष्ट मत असे की, एवढ्यावरून अहिराणी घरात जिवंत आहे असे समजणे ही आत्मवंचना होय. नामे टिकली, क्रियापदे गेली. आजी ‘मी जास’, ‘तो करस’, ‘ते जातस’ असे बोले, ‘काय आहे?’ या अर्थी ‘काय शे?’ विचारी; ‘मला’, ‘तुला’ यांच्या जागी ‘माले’, ‘तुले’, ‘माझा’ याच्या जागी ‘मना’ आणि ‘घरात’ याच्या जागी ‘घरमा’ म्हणे. तिची नातवंडे ‘बिबडे’ म्हणतात, पण ‘मी बिबडे खास’ असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणत नाही. नाम हे पाहुण्यासारखे कोणत्याही वाक्यात सामावते. प्रत्यय आणि क्रियारूपे यांना मात्र स्वतःचेच घर लागते.

भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात नेमके याच अंगाकडे लक्ष दिले. मराठीला त्याने सातवा खंड दिला (१९०५). खानदेशी, म्हणजेच अहिराणी, मात्र त्यात न घालता, तिच्या व्याकरणाचे गुजरातीशी असलेले साम्य ध्यानी घेऊन, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या शेजारी बसविली (१९०७). ‘घरमा’ मधला ‘मा’ गुजराती कानाला आपलाच वाटावा, इतका तो जवळचा आहे. या वर्गीकरणाविषयी मतभेद आहेत. पण निर्णय शब्दांवरून नव्हे, रूपांवरून करावयाचा, ही त्याची दृष्टी मला योग्य वाटते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणाऱ्यांची नोंद १८ लाखांहून अधिक आहे, तेव्हा बोली मरणपंथास लागली असा कांगावा नको. प्रश्न गावाचा नाही, शहरात आलेल्या घरांचा आहे.

म्हणून ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी शब्दांच्या याद्या न करता सबंध वाक्ये टिपावीत, आणि त्यांतही म्हणी आधी. कारण म्हणीत व्याकरण गोठलेले असते. ‘आंधयं दयस, कुत्रं पीठ खास’ ही म्हण घ्या. ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ हे तिचे मराठी भावंड सर्वांस परिचित आहे. परंतु ‘ळ’चा ‘य’ कसा होतो, ‘दळते’चे ‘दयस’ आणि ‘खाते’चे ‘खास’ कसे होते, हे सारे या चिमुकल्या वाक्यात एकत्र सापडते. टिपताना वाक्य शुद्ध करू नये, उच्चार जसा ऐकू येईल तसाच लिहावा. आणि ते कोणत्या प्रसंगी, कोणी कोणाला उद्देशून म्हटले, हेही शेजारी नोंदवावे.

पुढील लेखांकी सुरगाणा व पेठ या तालुक्यांतील कोकणा बोलीकडे वळू.