विश्लेषण : सार्कोमाच्या शस्त्रक्रियेनंतर दर वेळी सीटी स्कॅन हवाच का?

हाडे, स्नायू, चरबी यांत होणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. गाठ काढल्यानंतरही तो फुप्फुसात पसरण्याची भीती असते. म्हणून तपासण्या अनेक वर्षे चालतात. सानपाड्यातील रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाऊन त्याच दिवशी घरी परततो. परराज्यातील रुग्णाला मात्र प्रत्येक फेरीत रेल्वेभाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. त्यात स्कॅनचा खर्च वेगळा.

अभ्यास काय सांगतो?
टाटा रुग्णालयातील डॉ. अजय पुरी व सहकाऱ्यांनी २००६ ते २०१० या काळात हातापायांच्या सार्कोमाची शस्त्रक्रिया झालेले ५०० रुग्ण अभ्यासात घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींच्या छातीचा साधा एक्स-रे, तर काहींचा सीटी स्कॅन झाला. एक्स-रे गटातील रुग्णांचे जगण्याचे प्रमाण त्यामुळे घटले नाही.

रुग्णाने काय करावे?
शस्त्रक्रियेच्या जागी पुन्हा उद्भवलेल्या बहुतेक गाठी रुग्णांच्या स्वतःच्याच लक्षात आल्या होत्या. म्हणून ती जागा नियमित चाचपून पाहावी. नवी गाठ, सूज वा दुखणे जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. तपासणी कोणती व किती महिन्यांनी, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.