बिनव्याजी हप्त्यात व्याज असतं कुठे?

दसरा जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडू लागतं. परवा ते भाच्यानं ऐकवलं, त्याआधी शेजारच्या काकूंनी. "मावशी, नो कॉस्ट ईएमआय आहे. व्याज शून्य! मग एकदम तीस हजार कशाला द्यायचे?" भाचा हुशार आहे, पगाराचा हिशेब ठेवतो. त्याच्यासारख्याचाही यावर इतका विश्वास बसतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

व्याज शून्य नसतं. हे माझं मत नव्हे. सप्टेंबर २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना परिपत्रक काढून हेच बजावलं होतं: शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नाही, अशा योजनांत व्याज बऱ्याचदा प्रक्रिया शुल्काच्या आडून ग्राहकाकडूनच वसूल होतं. वस्तूच्या किमतीत सूट मिळत असेल तर ती किमतीतून वजा करा, उरलेल्या रकमेचंच कर्ज द्या, पण व्याजदर आहे तोच ठेवा, असंही त्यात सांगितलं होतं. आज क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट' म्हणून जे मिळतं, त्याची रचना नेमकी अशीच आहे.

भाच्याचाच फोन घेऊ. किंमत ३०,००० रुपये, सहा हप्ते, प्रत्येकी ५,०००. बेरीज बरोबर तीस हजार होते, म्हणून व्याज नाही असं वाटतं. प्रत्यक्षात बँक वर्षाला १५ टक्के दरानं कर्ज देत असेल, तर विक्रेता किमतीत साधारण १,२७० रुपयांची सूट देतो, बँक २८,७३० रुपयांचं कर्ज लिहिते आणि सहा महिन्यांत तेवढंच १,२७० रुपये व्याज लावते. सूट आणि व्याज यांची फिटंफाट होते. इथपर्यंत ठीक. पण क्रेडिट कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो. त्याचे झाले सुमारे २२९ रुपये, आणि ते सुटीत धरलेले नसतात. वर प्रक्रिया शुल्क. ते १९९ रुपये असेल तर जीएसटीसह २३५. म्हणजे 'शून्य' खर्चाच्या खरेदीत ४६० रुपयांहून जास्त गेले. ही रक्कम खरेदीच्या पानावर ठळक दिसत नाही, पुढच्या महिन्यांच्या कार्डाच्या बिलात बारीक ओळींत येते.

"पण पैसे माझ्याकडेच राहतात ना, त्यावर व्याज मिळतं," भाच्याचा पुढचा मुद्दा. मुद्दा चुकीचा नाही, म्हणून तोही मोजला. हप्ते दरमहा जात असल्यानं पैसे सरासरी साडेतीन महिनेच हाती राहतात. बचत खात्यावर तीन टक्के धरले तर व्याज होतं साधारण २६० रुपये. द्यायचे ४६०, मिळायचे २६०.

तरीही माझा राग या चारशे-पाचशे रुपयांवर नाही. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत, मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप आत्ताच लागतो, त्याला या भावात कर्ज मिळणं वाईट नाही. त्यानं ते जरूर घ्यावं, फक्त ते कर्ज आहे हे ओळखून. राग आहे तो 'एकरकमी भरणाऱ्याचं नुकसान' या वाक्यावर. मागच्या दिवाळीत वॉशिंग मशीन घेताना एका दुकानात मला किंमत सांगितली ३६,०००, तीन हजारांचे बारा हप्ते, व्याज नाही. मी विचारलं, "आत्ता सगळे पैसे दिले तर?" थोडं थांबून उत्तर आलं, ३४,२००. हे १,८०० रुपये व्याजच आहे. हिशेब मांडला तर वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या वर. विचारलं नसतं तर ते व्याज मला दिसलंही नसतं. ऑनलाइनही पाहा: बँकेच्या कार्डावरची तत्काळ सूट पूर्ण पैसे भरल्यास एक आणि हप्त्यांवर दुसरी असू शकते. दोन्ही रकमा शेजारी लिहून काढायला दोन मिनिटं लागतात.

हप्ता चुकला तर प्रकरण वेगळंच होतं. कार्डाची थकबाकी राहिली की अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. आणि पूर्ण बिल भरलं नाही तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दुकानात फायनान्स कंपनीचा माणूस कर्ज करून देत असेल, तर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. किरकोळ कर्जदाराला ते देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. विमा किंवा वाढीव वॉरंटी न विचारता घुसवलेली असेल तर तीही तिथे सापडते.

बाकीचे गैरसमज एवढे खोल नाहीत.

'एमआरपीवर ६० टक्के सूट' म्हणजे साठ टक्के स्वस्त, असं नाही. एमआरपी ही कंपनीनं स्वतः छापलेली कमाल किंमत आहे. औषधांसारखे अपवाद सोडले तर ती किती चढी छापावी यावर बंधन नाही. तुलना करायची ती त्याच वस्तूच्या गेल्या महिन्यातल्या विक्रीच्या किमतीशी.

'जीएसटी उतरला म्हणून फोन स्वस्त झाले.' २२ सप्टेंबर २०२५ला २८वरून १८ टक्क्यांवर आले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही. मोबाइल, फ्रिज, वॉशिंग मशीन आधीपासूनच १८ टक्क्यांत होते. त्यांच्यावर लावलेली 'जीएसटी कपात' ही पाटी वाचून पुढे चला.

पाच तारे कायमचे नसतात. जुलै २०२२मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा पाच ताऱ्यांचे एसी चारवर आले. सेलमध्ये जुना साठा काढतात, म्हणून लेबलवरचं वर्ष आणि वार्षिक युनिट वाचा.

'फक्त २ शिल्लक', 'ऑफर ९ मिनिटांत संपेल.' खोटी घाई दाखवणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या नियमावलीत डार्क पॅटर्न म्हणून नोंदलेलं आहे. न विचारता टोपलीत वस्तू टाकणंही त्याच तेरा प्रकारांत येतं.

आणि 'सेलचा माल परत घेत नाही' ही पाटी. आवड बदलली म्हणून परत घेणं दुकानदारावर बंधनकारक नाही, हे खरं. पण सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. सेल असो वा नसो. बिल आणि खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.