कॉम्प्युटर मधेच बंद पडतो तेव्हा



आमच्या बचत गटाचा हिशेब गेली चार वर्षं कॉम्प्युटरवर आहे. तो आमच्यातल्या एकीच्या घरी, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनशेजारी ठेवलाय. मुलाच्या बारावीसाठी घेतला होता, मुलगा शिकायला बाहेर गेला आणि कॉम्प्युटर गटाच्या कामाला आला. गेल्या पावसाळ्यानंतर तो मधेच बंद पडायला लागला. कधी हप्ते भरताना, कधी नुसता चालू असताना. दुकानात नेला, तर तिथं दोन तास नीट चालला. डॉक्टरांच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरावा, तसं झालं. दुकानदार म्हणाला, ‘मदरबोर्ड गेला असेल, साडेआठ हजार लागतील. नाहीतर फॉरमॅट मारून बघू.’

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्यानं सुरुवात. आत सतरा जणींचे हप्ते, कोणाचं किती कर्ज बाकी आहे ते, बँकेला द्यायची पत्रकं. आम्ही कॉम्प्युटर उचलला आणि घरी घेऊन आलो. दुकानदाराला लबाड म्हणत नाही आम्ही. त्याच्यासमोर बंदच पडला नाही, तर तो तरी काय सांगणार? पण अंदाजावर साडेआठ हजार घालायची आमची तयारी नव्हती.

सगळ्यात आधी काय केलं, ते सांगतो. हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि तीच फाइल ईमेलनं दोघींना पाठवली. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. फाइल जतन होत असतानाच वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहून बिघडू शकते, म्हणून असा कॉम्प्युटर चालू करताना दर वेळी थोडी जोखीम असते. आणि आतून टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर मैत्रिणींनो, तपासणी वगैरे काही करू नका. तो हार्ड डिस्कचा आवाज असू शकतो. महत्त्वाचं तेवढं उतरवून घ्या आणि बंद करा.

मग आम्ही एक वही केली. दोरीनं मॉनिटरला बांधली. बंद पडला की लिहायचं: तारीख, वेळ, काय काम चालू होतं, घरात आणखी काय चालू होतं, आणि बंद पडला तो कसा. ‘कसा’ हे फार महत्त्वाचं. कुणी प्लग ओढल्यासारखा एकदम काळा झाला? निळा पडदा येऊन त्यावर इंग्रजी अक्षरं आली? की चित्र तसंच राहिलं आणि माऊस हलेना? आपण सगळ्यालाच ‘बंद पडला’ म्हणतो, पण ही दुखणी वेगवेगळी आहेत. एकच प्रोग्राम बंद होत असेल आणि बाकी सगळं चालत असेल, तर बहुतेक वेळा दोष त्या प्रोग्रामचाच असतो. कॉम्प्युटर खोलायची गरज नाही.

आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ संध्याकाळी सहा ते साडेसातमधल्या, आणि आठही ‘एकदम काळा’. सहाला आमच्याकडं नळाला पाणी येतं. आळीतल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी चालू होतात आणि दिवे क्षणभर मंद होतात. आम्ही ते रोज बघत होतो, पण वहीत लिहिलं तेव्हा लक्षात आलं.

‘पण युपीएस आहे की!’ घरमालकीण म्हणाली. म्हणून युपीएस तपासला. कॉम्प्युटर नीट बंद केला, त्याची वायर युपीएसमधून काढली, तिथं टेबललॅम्प लावला आणि युपीएसचा भिंतीतला प्लग काढला. बॅटरी चांगली असती तर दिवा चालू राहिला असता. तो तत्क्षणी विझला. बॅटरी मेलेली होती. युपीएसचा हिरवा दिवा मात्र रोज लागत होता, कारण भिंतीतली वीज तो पुढं देतच होता. वीज दबली की तो बॅटरीकडं वळायचा आणि बॅटरीत काहीच नसायचं. म्हणजे तो युपीएस मधे नसता, तर वीज जरा दबल्यावर कॉम्प्युटर कदाचित तगूनही गेला असता! अशी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, उष्ण जागी त्याहून कमी. आमची सहा वर्षांची होती. बदलायला साडेअकराशे रुपये लागले. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. दुकानदार ती परत घेतो, थोडे पैसेही देतो.

संध्याकाळचं बंद पडणं थांबलं. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात दुपारी तीनला, लख्ख वीज असताना, पुन्हा बंद!

वही पुन्हा उघडली. अकरातल्या उरलेल्या तीन नोंदींपुढं ‘निळा पडदा’ असं लिहिलेलं होतं, आणि आजचाही निळाच. दुखणी दोन होती, आणि पहिल्याच्या गोंधळात दुसरं दिसलंच नव्हतं.

आधी वाटलं, उष्णता असेल. कॅबिनेटची बाजू उघडली तर आत कापडाचा भुसा नमद्यासारखा बसलेला. शिलाई मशीन शेजारीच ना! प्रोसेसर फार तापला, साधारण १०० अंशांच्या आसपास गेला, की स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्युटर बंद होतो. पण तेव्हा बहुधा एकदम काळा होतो, जड काम चालू असताना होतो, त्याआधी पंख्याचा आवाज वाढतो. आमचं तसं नव्हतं. तरी साफ केलाच. मऊ ब्रशनं, पंखा बोटानं धरून, म्हणजे तो गरागरा फिरत नाही. ओलं फडकं लावायचं नाही. आधी प्लग काढायचा, चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आणि वायर जिथं लागते तो लोखंडी डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

निळ्या पडद्यावर एक कोड येतो. तो वाचायच्या आत कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो, म्हणून मोबाइलवर फोटो काढायचा. नाहीच जमला तर विंडोजमध्ये शोधायच्या जागी ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. रोजचा आलेख दिसतो, बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते, तिच्यावर क्लिक केलं की तपशील येतो. आपण त्या दिवशी काय नवीन बसवलं तेही तिथंच दिसतं. नवीन प्रिंटर किंवा अपडेट आल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर आधी तेच काढून बघावं. अपडेटनं मोठमोठ्यांचीही गाडी अडते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर काही प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

आमच्याकडं मात्र नवीन काहीच बसवलेलं नव्हतं, आणि चार वेळचे चार कोड वेगवेगळे होते. दर वेळी वेगळं कारण दिसत असेल, तर रॅमवर संशय घ्यावा. रॅम म्हणजे कॉम्प्युटर काम करताना ज्यावर मांडामांड करतो तो ओटा समजा. ओट्यालाच भेग असेल, तर वर काहीही ठेवा, सांडणारच. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते. ती लावली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतो. तिनं दोष दाखवला. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात मऊ खोडरबरनं हलकेच पुसले, कारण पावसाळ्याच्या दमटपणानं तिथं मळ धरतो. पुष्कळदा एवढ्यानं भागतं. आमचं भागलं नाही. मग एक पट्टी काढून एकीवर तीन दिवस चालवला, मग दुसरीवर. दुसरी लावली त्याच दिवशी निळा पडदा. दोन्ही एकदम बदलल्या असत्या तर चांगलीचेही पैसे गेले असते. वापरलेली, पण तपासलेली पट्टी सातशेला मिळाली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. या गडबडीत एकदा इंटरनेटवर उपाय शोधताना पडदा लाल झाला, मोठा भोंगा वाजला आणि ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरला फोन करा’ असं आलं. आमच्यातल्या एकीनं फोन उचललाही होता. खऱ्या बिघाडाच्या पडद्यावर कधीही फोन नंबर नसतो. तो फोन ठगांचा. ते एखादं ॲप घ्यायला सांगतात, मग आपला कॉम्प्युटर तिकडून तेच चालवतात आणि बँकेपर्यंत पोचतात. असं दिसलं तर ब्राउझर बंद करा, तो बंद होत नसेल तर कॉम्प्युटरच बंद करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

दुकानात न्यावं लागलंच तर वही आणि कोडचे फोटो सोबत न्या. ‘मला न विचारता फॉरमॅट मारायचा नाही’ हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला सुटा भाग परत मागा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं वही पहिल्या पानापासून वाचली आणि एसएमपीएस पैसे न घेता तपासून दिला. तो ठीक निघाला.

तुमचा कॉम्प्युटर असा त्रास देत असेल तर आठवडाभराच्या नोंदी करा आणि केंद्रावर घेऊन या. गुरुवारी दुपारी आमच्यातल्या दोघी तिथं असतात.