आजीची ओवी जपायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

घोटीच्या भाताच्या मुलखात आवणीची, जात्यावरची गाणी अजून कितीतरी आज्यांना पाठ आहेत. ती बहुधा कुठे लिहिलेली नसतात, आजीबरोबरच जातील. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या घरापुरते हे काम तुम्हीही करू शकता.

घरी संगणक असेल तर ऑडॅसिटी घ्या. २००० साली आलेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. रीपरमध्ये सोयी जास्त, पण ते ६० दिवसांनंतर विकत घ्यावे लागते. एकट्या गळ्याच्या ओवीला त्याची गरज नाही.

आवाज मोनोत घेऊन वेव्ह फाइलमध्ये ठेवा. मिनिटाला सुमारे ५ एमबी जागा लागते. एमपी-३ मध्ये आवाजाची काटछाट होते. ती फक्त नातेवाइकांना पाठवायला करावी.

गाण्याआधी काही सेकंद नुसती शांतता नोंदवा. तिच्या आधारे ऑडॅसिटी मागची घरघर कमी करते. पत्र्यावरचा पाऊस मात्र त्यालाही नीट पुसता येत नाही. म्हणून पाऊस उघडल्यावरच बसा आणि खोलीत गोधड्या टांगा. आजीचे नाव, गाव आणि साल तिच्याच तोंडून आधी घ्या. शेवटी एक प्रत पेन-ड्राइव्हवर काढून ठेवायला विसरू नका.