स्थलदर्शक नकाशे

स्थलदर्शक नकाशे : भूपृष्ठाचा उठाव, जलप्रवाह, वसाहती, मार्ग इत्यादी तपशील प्रमाणबद्ध रीतीने दाखविणारे नकाशे. भारतात ते भारतीय सर्वेक्षण विभाग (स्थापना १७६७) तयार करतो. पूर्वी एक मैलास एक इंच हे प्रमाण होते. दशमान पद्धतीनंतर १ : ५०,००० हे रूढ झाले. समोच्चरेषा तपकिरी, पाणी निळे, लागवड पिवळी व वस्ती तांबडी असते. कोरडा ओढा मात्र काळ्या रेषेने दाखवितात. त्यामुळे बारमाही नसलेले प्रवाह प्रथमदर्शनीच ओळखू येतात. ओसाड गावासही स्वतंत्र चिन्ह आहे.

ग्रामेतिहासाच्या अभ्यासकाने जुनी व नवी पत्रके शेजारी ठेवूनच वाचावीत. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचा भीमाकाठ हे याचे बोलके उदाहरण. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव जलाशयात गेले. धरणापूर्वीच्या पत्रकात नदीकाठी असलेल्या या गावाच्या जागी नंतरच्या पत्रकात निळा रंग असून, त्याच नावाची वस्ती पाण्यापासून दूर वसलेली आढळते. पाणी पुरेसे ओसरले, की पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते. बुडालेल्या शेतांचे बांध व मालकी मात्र या नकाशांत नसते. त्यांसाठी महसुली मोजणीचे गावनकाशे पाहावे लागतात.