हप्ता दर महिन्याला, बिल मार्चला

गावठाणातला एक काँक्रीट रस्ता घेऊ. रुंदी तीन मीटर, लांबी शंभर मीटर, जाडी पंधरा सेंटिमीटर. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. लहान ठेकेदाराकडे असतो तो 'दहा-सात'चा मिक्सर: ड्रममध्ये दहा घनफूट कोरडा माल टाकायचा, त्याचं सात घनफूट ओलं काँक्रीट निघतं. घनमीटरमध्ये सांगायचं तर जेमतेम ०.२. एवढ्याशा रस्त्याला सव्वादोनशे घाणे लागतात आणि प्रत्येक घाण्याला घमेल्यांची रांग. मजूर मिळाले तर काम होतं. हल्ली अडचण तिथेच आहे.

तयार काँक्रीट मागवावं तर प्लांट तालुक्याच्या पलीकडे. माल भरल्यापासून दोन तासांत तो उतरवला गेला पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. घाटरस्ता, बाजाराचा दिवस आणि मधला अरुंद पूल यांना मानकाशी देणंघेणं नसतं.

या दोन्हींच्या मध्ये गेल्या काही वर्षांत सेल्फ लोडिंग मिक्सर येऊन बसला आहे. पुढच्या बकेटने खडी आणि वाळू स्वतःच उचलतो, वजन करतो, पाणी घेतो, फिरत फिरत कामावर जातो आणि ओततो. चार घनमीटरचं मशीन असेल तर वरचा रस्ता बारा घाण्यांत होतो. बंगळुरूची एजॅक्स कंपनी या प्रकारात इतकी रुळली आहे की अनेक ठिकाणी मशीन कोणाचंही असो, त्याला 'एजॅक्स'च म्हणतात. काँक्रीटची यंत्रं आपल्यालाही परकी नाहीत. पुट्झमायस्टरचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे, सॅनीचा चाकणला. मशीन मिळणं सोपं आहे. ते कर्जावर मिळणंही आता सोपं आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

विक्रेत्याच्या टेबलावर मशीनचा माणूस आणि फायनान्सचा माणूस शेजारी शेजारी बसलेले असतात. समजा किंमत जीएसटीसह साडेसदतीस लाख. वीस टक्के मार्जिन मनी, म्हणजे साडेसात लाख, आपले. उरलेले तीस लाख कर्ज. "आठ टक्क्यांनी देतो साहेब, चार वर्षं." आठ टक्के ऐकून माणूस सुखावतो, कारण घरकर्जाचा दरही साधारण त्याच आसपास असतो. पण हा आठ टक्के 'फ्लॅट' आहे. तीस लाखांवर चारही वर्षं पूर्ण व्याज, जणू मुद्दल कधी कमी होतच नाही. व्याज ९.६ लाख, एकूण परतफेड ३९.६ लाख, हप्ता ८२,५०० रुपये. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला सुमारे १४.३ टक्के पडतो. त्यात दोन हप्ते आगाऊ कापून ते शेवटी वळते केले तर तो १५.७ टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी आणि विमा अजून धरलेलाच नाही. आगाऊ हप्ते, नोंदणी, विमा हे सगळं खिशातून जातं, तेव्हा 'साडेसात लाख भरा आणि मशीन घेऊन जा' यातले साडेसात प्रत्यक्षात दहाच्या आसपास असतात.

यावर एक चांगला उपाय आता हातात आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना मुख्य तथ्यांचं पत्रक सक्तीचं केलं आहे. सगळे आकार मिळवून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात लिहावं लागतं. सही करण्याआधी तो कागद मागायचा आणि फक्त त्या आकड्याची तुलना करायची. तोंडी दराला काही अर्थ नाही.

असं असलं तरी, माझ्या मते, ठेकेदार व्याजदरामुळे क्वचितच बुडतो. दोन टक्के इकडे-तिकडे झाले तर नफा कमी होतो, धंदा बसत नाही. धंदा बसतो तो दोन वेगळ्या दिनदर्शिकांमुळे. हप्त्याची तारीख दर महिन्याची पाच किंवा दहा. बिलाची तारीख कोणालाच ठाऊक नसते.

वरच्याच मशीनचा महिन्याचा बांधीव खर्च मांडून पाहू. हप्ता ८२,५००. ऑपरेटर पंचवीस हजार, कारण चांगला ऑपरेटर त्याहून कमीत टिकत नाही. हेल्पर साडेबारा हजार. विमा, टायर, दुरुस्ती यासाठी बाजूला काढायचे वीस हजार. झाले एक लाख चाळीस हजार. डिझेल आणि माल वजा जाता घनमीटरमागे ५०० रुपये सुटतात असं धरू. ज्याचा त्याने आपला आकडा घालावा. म्हणजे फक्त बरोबरीत यायला महिन्याला २८० घनमीटर काँक्रीट ओतलं पाहिजे. आपल्या गावठाणातल्या रस्त्याच्या भाषेत, सव्वासहाशे मीटर. दर महिन्याला.

आता त्यात पाऊस घाला. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काँक्रीट जवळपास बंद. हप्ते बारा, कामाचे महिने आठ. त्याच खर्चाचा भार आठ महिन्यांवर टाकला की कामाच्या दर महिन्याला ४२० घनमीटर लागतात, म्हणजे नऊशेहून जास्त मीटर रस्ता. हा आकडा हाती असलेल्या कार्यारंभ आदेशांशेजारी ठेवून पाहावा. पुढच्या वर्षी काम मिळणारच आहे, आमदारसाहेबांनी शब्द दिला आहे, वगैरे गोष्टी या बेरजेत धरू नयेत. शब्दावर वित्तसंस्था कर्ज देत नाही. आपणही स्वतःला देऊ नये.

काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल वर गेलं. पुढे? निधी आला की पैसे. सरकारी कामांचा मोठा निधी मार्चअखेरीस सुटतो आणि तेव्हाही सगळ्यांना पुरत नाही. २०२५ साली राज्यभर कंत्राटदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर आल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. जे बिल मिळतं तेही पूर्ण नसतं. वैयक्तिक नावावरच्या ठेकेदाराचा एक टक्का आयकर, अडीच लाखांवरच्या कंत्राटात दोन टक्के जीएसटी, एक टक्का कामगार कल्याण उपकर, वर सुरक्षा ठेव. कराची कपात नंतर वळती होते, उपकर गेला तो गेला. ठेव मात्र दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकून राहते.

'पंचेचाळीस दिवसांत पैसे'वाला कायदा आहे ना, असं कोणीतरी हमखास विचारतं. २००६चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा खरोखरच तसं म्हणतो. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही देतो. पण माल आणि मजुरी एकत्र असलेली कंत्राटं या कायद्याच्या बाहेर राहतात, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. उद्यम नोंदणी जरूर करावी, कर्जासाठी ती उपयोगी पडते. फक्त तिच्या जोरावर रस्त्याचं बिल वसूल होईल या भरवशावर हप्ता ठरवू नये. उशीर केल्यास त्या वर्षी खर्चाची वजावट नाही, हा आयकराचा नवा नियम खासगी बिल्डरला थोडाफार हलवू शकतो. सरकारी खात्याला आयकराची भीती कसली?

म्हणून कर्जाच्या टेबलावर भांडायचंच असेल तर पाव टक्क्यासाठी भांडू नये, हप्त्याच्या आकारासाठी भांडावं. पावसाळ्यात लहान आणि डिसेंबर ते मे मोठा, अशी परतफेड बांधून देणाऱ्या वित्तसंस्था आहेत. सुरुवातीला दोन-तीन महिन्यांची सवलतही मिळू शकते. त्या सवलतीच्या काळातही व्याज चढत असतं, एवढं लक्षात ठेवायचं. या गोष्टी मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि करारावर सही झाल्यावर मागून उपयोग नसतो.

दुसरं, मशीनचं कर्ज आणि खेळतं भांडवल वेगळं ठेवणं. ठेकेदार बुडण्याचा नेहमीचा रस्ता असा: हातातली सगळी रोकड मार्जिनमध्ये घालायची, मग सिमेंट आणि खडीसाठी पैसे नाहीत, म्हणून ते उधारीवर, म्हणजे महाग. बिल लांबलं की हप्त्यासाठी कॅश क्रेडिट खात्यातून उचल. ते भरलं की ओळखीच्या माणसाकडून महिन्याला तीन टक्क्यांनी. मशीन दिवसभर धावत असतं, काँक्रीट ओतत असतं आणि मालक संध्याकाळी फोन बंद करून बसलेला असतो. मार्जिन भरल्यावर किमान चार हप्ते आणि एका कामाच्या मालाचे पैसे शिल्लक राहत नसतील तर ते मशीन अजून आपलं नाही. मग भाड्याने आणावं. भाडं महाग वाटतं खरं, पण जुलैमध्ये ते शून्य असतं.

पात्रतेचाही एक घोळ आहे, तो आपणच घातलेला असतो. अनेक लहान ठेकेदार अनुमानित उत्पन्नाची सवलत घेतात: उलाढालीच्या आठ टक्के, किंवा रक्कम बँकेतून आली असेल तर सहा टक्के उत्पन्न दाखवायचं, बाकी हिशेब कोणी विचारत नाही. सोय झाली. मात्र दीड कोटीच्या उलाढालीवर नऊ लाख उत्पन्न दाखवणाऱ्या माणसाला महिन्याला ८२,५०० चा हप्ता कसा झेपेल, हा बँकेचा प्रश्न रास्तच आहे. वर्षाचे हप्तेच ९.९ लाख होतात. शिवाय या सवलतीत मशीनचा घसारा आणि कर्जाचं व्याज आधीच वजा झाल्याचं मानलं जातं, वेगळी वजावट नाही. मोठं मशीन घ्यायचं ठरवलं की त्याआधी दोन-तीन वर्षं रीतसर वह्या ठेवण्याचा विचार सनदी लेखापालाबरोबर बसून करावा. रीतसर हिशेबात अशा यंत्राला वर्षाला साधारण १५ टक्के घसारा मिळतो. मार्चमध्ये घाईने मशीन घेणाऱ्यांनी मात्र त्याचा निम्माच धरावा, कारण वापर १८० दिवसांहून कमी झालेला असतो. (मार्चअखेरच्या गर्दीत विक्रेते सूट देतात हे खरं. पण पावसाळा तीन महिन्यांवर आलेला असतो, हेही त्यांना माहीत असतं.)

जीएसटी थोडक्यात. साडेसदतीस लाखांत १८ टक्क्यांच्या हिशेबाने ५.७२ लाख कर आहे. नियमित नोंदणी असेल तर तो आपल्या देय करातून वळता होतो. कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. वळत्या केलेल्या करावर घसारा घेता येत नाही.

सरकारी आधाराचीही हीच तऱ्हा: आहे, पण त्याची वेळ आणि आपली वेळ जुळत नाही. सीजीटीएमएसई ही हमी योजना बँकेला तारणाशिवाय कर्ज द्यायला धीर देते. १ एप्रिल २०२५पासून तिची मर्यादा दहा कोटींवर गेली आहे. घर-जमीन गहाण न ठेवता मशीन घेणाऱ्याला ती फार मोलाची. हमी मात्र बँकेला असते. हप्ते थकले तर बँकेचं नुकसान काही प्रमाणात भरून निघतं, आपलं देणं तसंच राहतं. मराठा उमेदवारांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिथेही हप्ता आधी आपण भरायचा, व्याज नंतर खात्यात येतं.

विमा काढताना कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीची पॉलिसी नीट वाचावी. मशीन उलटलं, पुरात अडकलं तर भरपाई आहे. हायड्रॉलिक पंप आतून गेला किंवा इंजिनाने मान टाकली तर सहसा नाही. ड्रममध्ये काँक्रीट घट्ट बसलं की आत उतरून ते फोडून काढावं लागतं. त्या दिवसांचं नुकसानही आपलंच. ऑपरेटरच्या पगारात काटकसर करू नये, ती यासाठीच.

हप्ते थकले की 'गाडी ओढून नेली' ही भाषा सुरू होते. मशीन तारण असल्याने वित्तसंस्थेला ते ताब्यात घेण्याचा हक्क करारातच असतो, पण नोटीस न देता, गुंड पाठवून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अशा वसुलीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत. तिथवर थांबू नये. बिल अडकल्याचे कागद घेऊन हप्ता चुकण्याआधी शाखेत गेलं तर मुदत वाढवण्याचं बोलणं होऊ शकतं. तीन हप्ते चुकल्यावर खातं अनुत्पादक होतं आणि तेच बोलणं कठीण होऊन बसतं.

आणि एखाद्या मार्चमध्ये खरंच मोठं बिल आलं, कर्ज एकदम मिटवावंसं वाटलं, तर आधी करार काढून पाहावा. १ जानेवारी २०२६पासून मंजूर होणाऱ्या, बदलत्या दराच्या व्यावसायिक कर्जांवर व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून मुदतपूर्व फेडीचा आकार घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. यंत्रांची कर्जं बहुधा ठरावीक दराची असतात, त्यामुळे हा दिलासा त्यांना आपोआप लागू होत नाही. आकार किती ते विचारून, उरलेल्या व्याजाशी ताडून मगच चेक फाडावा. शेवटचा हप्ता गेला की वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्यावा. आरटीओत नोंदलेल्या मशीनच्या आरसीवरचा बोजा त्यावरच उतरतो. विम्याच्या पॉलिसीवरूनही वित्तसंस्थेचं नाव काढून घ्यावं. हे ना-हरकत पत्र फार दिवस पडून राहिलं तर मुदत संपते आणि नवं आणायला पुन्हा खेटे घालावे लागतात. बोजा असलेलं मशीन विकायला काढलं तर गिऱ्हाईक किंमत पाडूनच बोलतं.