घराचा नकाशा आणि घरातली बाई

सोलापुरात कुणी घर बांधायला काढलं, की पुरुषमंडळींत पहिली चर्चा एलिव्हेशनची. गेट केवढं, ग्रिल कसली! स्वयंपाकघर मात्र उरलेल्या जागेत बसवलं जातं.

शहरालगत कुंभारीच्या रे नगरात 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांना 15,000 घरं मिळाली. एवढ्या मोठ्या वसाहतीत नकाशा प्रत्येकाच्या मनासारखा कसा होणार? भाड्याच्या खोलीतून सुटका झाली, हेच मोठं. पण ज्यांनी स्वतःचा प्लॉट घेतलाय, त्यांच्या हाती पेन्सिल आहे. ती थोडा वेळ घरातल्या बायकांच्या हाती द्यावी, एवढंच आमचं म्हणणं.

2019 साली रमजान 7 मेला सुरू झाला होता, आठवतंय? त्याच आठवड्यात सूर्य सोलापूरच्या ऐन माथ्यावर येतो. असरनंतर, ऊन पश्चिमेच्या भिंतीवर असताना, रोजा धरलेली बाई इफ्तारीसाठी शेगडीपुढे उभी असते. पश्चिमेला स्वयंपाकघर म्हणजे तिच्यासाठी भट्टीच. 2050च्या आसपास रमजान पुन्हा मे महिन्यात येईल. आज बांधलेलं घर तेव्हाही उभं असेल आणि शेगडीपुढे आपली नातसून असेल. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, सामानाची खोली घ्यावी. शेगडी पूर्वेला किंवा उत्तरेला. वास्तुशास्त्र मिस्त्री सांगेलच. त्याचं आपल्याला काही नाही, पण ऊन कुणालाच सोडत नाही.

मे महिन्यात सगळ्यात जास्त तापतं ते छत. जुन्या माळवदाच्या घरांत लाकडावर मातीचा जाड थर असे, त्यामुळे दुपार सुसह्य होई. आजचा उघडा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगतो. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करावं. तेवढे पैसे नसतील तर दर उन्हाळ्याआधी चुना मारावा.

नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा हौद हिशोबाने बांधा. माणशी 135 लिटर धरलं, तर सात माणसांना चार दिवसांसाठी 3,780 लिटर लागतं.

आपल्याकडचा किबला नेमका पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण बारा अंश आहे. संडासाचं भांडं उत्तर-दक्षिण बसवायला मिस्त्रीला पायातच सांगा. फरशी झाल्यावर ती फोडणं महागात पडतं.

आता पैशांचं. व्याज नको म्हणून आपल्यातली कितीतरी कुटुंबं टप्प्याटप्प्याने बांधतात. आधी तळमजला, मग जमेल तेव्हा वरचा. मग फुटिंग आणि कॉलम इंजिनिअरकडून पहिल्याच दिवशी दोन मजल्यांचे काढून घ्या. वर राहिलेल्या सळया सिमेंटच्या घोळाने लिंपून ठेवा, नाहीतर गंज चढतो. अब्बा-अम्मींची खोली तळमजल्यालाच हवी, संडासाला लागून.

आणि स्लॅबच्या वेळी पैसे कमी पडतातच. तेव्हा बायकोचे दागिने मोडले जातात. घर मात्र नवऱ्याच्या नावावर. पुढे वारसांत वाटणी निघाली, की त्या दागिन्यांची आठवण कुणालाच राहत नाही. शरीअतने बाईची मालमत्ता तिची स्वतःचीच मानली आहे आणि उधारी साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरात आहे. दागिने उसने घेतले, की घरात तिचा हिस्सा धरला, ते तिला विचारूनच ठरवा. किती तोळे, काय भावाने, सगळं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. सराफाची पावती जोडा आणि तो कागद तिच्याच कपाटात ठेवा. स्लॅबचं काँक्रीट त्यानंतर.